कोनशिलेवर नसलेलं तिसरं नाव

मागच्या भागात आपण शहाजीराजांच्या बेंगळूरविषयी बोललो होतो. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांच्या घराण्याकडून बेंगळूर घेतलं आणि ते पुढे राजांच्या जहागिरीत आलं, इथपर्यंत आपण आलो होतो. तेव्हा एका प्रेक्षकांनी खाली एक नेमका प्रश्न विचारला होता. त्या दरबारात कोण कोण कवी आले, त्यांनी कोणकोणत्या भाषांत कविता म्हटल्या, हे जयराम पिंड्ये 'राधामाधवविलासचंपू'मध्ये लिहून ठेवतो. राजवाडे ते पुस्तक शोधून छापतात. पण ज्या छताखाली हे सगळं घडलं, ते छत घालणाऱ्यांची कुणी वहीसुद्धा का ठेवली नाही?

आजचा भाग त्या प्रश्नावर आहे. फक्त साडेतीनशे वर्षांपूर्वीचं छत बाजूला ठेवून मी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या छतांविषयी बोलणार आहे. माझं घर येलहंका न्यू टाऊनमध्ये आहे आणि पेशाने मी सिव्हिल इंजिनियर आहे. पंचवीस वर्षं ठेकेदारांची बिलं तपासत आले. त्यामुळे इमारत पाहिली की मला आधी मेजरमेंट बुक दिसतं, सौंदर्य नंतर. नाट्यगृह, नृत्यशाळा, धर्मादाय दवाखाना, वसतिगृह अशा इमारती पाहताना एक गोष्ट नेहमी खटकत आली. कोनशिलेवर दोन नावं असतात, उद्घाटकाचं आणि देणगीदाराचं. वास्तुरचनाकाराचं नाव पुस्तकांत सापडतं. ज्याने ती उभी केली, तो मात्र कुठेच नसतो. आणि ज्या संस्थांकडे पैसा कमी आणि स्वप्न मोठं असतं, तिथे तर सगळा डाव याच माणसावर अवलंबून असतो.

आधी जमीन पाहू. येलहंका म्हणजे केंपेगौडांचं मूळ ठाणं. त्यांना 'येलहंकनाडप्रभू' म्हणत. १५३७ च्या सुमारास पहिल्या केंपेगौडांनी बेंगळूरचा जो किल्ला बांधला तो मातीचा होता. दगडाचा किल्ला पुढे हैदरअलीच्या काळात झाला. या भागात बांधणाऱ्याला निसर्गाने दोन गोष्टी फुकट दिल्या आहेत, तांबडी माती आणि ग्रॅनाइट. विमानतळाच्या रस्त्याने उत्तरेला गेलं की सादहळ्ळी लागतं. तिथला करडा 'सादरहळ्ळी' दगड देशभर विकला जातो. छिन्नीने ओळीत भोकं पाडायची, त्यांत पाचरी ठोकायच्या, की दगड पाटासारखा उकलतो. या पट्ट्यातल्या गावांत दगडी पाटांची कुंपणं आणि दगडी पाटांची छपरं दिसतात, ती यामुळेच. हे काम करणारा समाज आपल्याकडे वडार म्हणून ओळखला जातो. कर्नाटकात त्यालाच भोवी म्हणतात.

येलहंक्याच्या पश्चिमेला पंधरा-वीस किलोमीटरवर हेसरघट्टा आहे. १८९४ च्या सुमारास तिथे अर्कावती नदीवर तलाव झाला आणि बेंगळूरला नळाचं पाणी मिळालं. पुढे विधानसौध बांधायला निघाला तेव्हा त्याचा दगडही हेसरघट्टा आणि मल्लसंद्राच्या बाजूने आला. १९५१ साली नेहरूंनी पायाभरणी केली, १९५६ साली काम संपलं. मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या आणि मुख्य अभियंता माणिकम ही नावं सर्वांना ठाऊक आहेत. तिथे सुमारे पाच हजार मजूर राबले आणि त्यांत मोठा भरणा तुरुंगातल्या कैद्यांचा होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. काम झाल्यावर त्यांना मुक्त करण्यात आलं. म्हणजे मजुरीत स्वातंत्र्य मिळालं, पण नाव मिळालं नाही.

सरकारला असं काम परवडतं. मागे खजिना आहे, पुढे हुकूम आहे. पण ग्राहक एखादा छोटा ट्रस्ट असेल तर? इथून आपला खरा विषय सुरू होतो.

बांधकामाचा पैसा कसा फिरतो ते थोडक्यात सांगते. ठेकेदार काम करतो, मोजमाप होतं, महिन्याला आर.ए. बिल निघतं, म्हणजे चालू कामाचं बिल. त्यातून पाच-दहा टक्के रिटेन्शन म्हणून कापून ठेवतात, दोष निघाला तर हाताशी असावेत म्हणून. बिल्डर किंवा कारखानदार ग्राहक असेल तर पैसे उशिरा का होईना, येतात. ट्रस्टचं तसं नसतं. तिथे पैसा देणग्यांतून येतो, आणि देणगी काँक्रीटच्या वेळापत्रकाने येत नाही. एक हप्ता दिवाळीआधी येतो, दुसरा मार्चअखेर येतो, तिसरा येतच नाही. त्यातून प्रत्येक देणगीला इच्छा असते. सभागृहाला आईचं नाव देणारा दाता मिळतो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला, जमिनीखालच्या ड्रेनेजला, विजेच्या पॅनेलला आजवर कुणी आईचं नाव दिलेलं मी पाहिलेलं नाही.

इकडे ठेकेदाराला मात्र शनिवारी मजुरांचा पगार करावाच लागतो. सेंटरिंगच्या प्लेटा भाड्याच्या असतात, काम थांबलं तरी भाडं थांबत नाही. मी एका ट्रस्टच्या छोट्या रंगमंचाची बिलं पाहत होते. पहिल्या मजल्यापाशी पैसे संपले आणि काम सात महिने बंद पडलं. ठेकेदाराने माणसं दुसऱ्या साइटवर नेली, पण चार जण ठेवले. खांबांच्या डोक्यावर जे लोखंड पुढच्या मजल्यासाठी उघडं राहिलं होतं, त्याला त्याने सिमेंटची पातळ लापशी फासून घेतली, वर प्लास्टिक बांधलं. बिलात या कामाची ओळच नव्हती. पावसाळा गेला, पैसे आले, सळया तपासल्या तर गंज नव्हता. तो थर लागला नसता तर पुढचा मजला कमकुवत लोखंडावर उभा राहिला असता, किंवा खांब फोडावे लागले असते. प्रेक्षक आज तिथे नाटक पाहतात. त्या लापशीची नोंद माझ्या डोक्यात आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

म्हणून अशा कामाचा इतिहास लिहायचा तर आराखड्याइतकाच पैशाच्या चालीचाही लिहावा लागतो. या चालीशी जुळवून घ्यायच्या दोन रीती आपल्या देशात दिसतात.

पहिली रीत लॉरी बेकरांची. हा इंग्रज क्वेकर वास्तुरचनाकार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मायदेशी परतण्याच्या वाटेवर मुंबईत अडकला आणि तिथे त्याची गांधीजींशी भेट झाली. पाच मैलांच्या आत मिळेल त्या सामानाने घर बांधावं, हा गांधीजींचा विचार त्याने आयुष्यभर धरला. आधी कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांसाठी आणि पुढे केरळात त्याने काम केलं. १९७० नंतर अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्यासाठी त्याने तिरुवनंतपुरमला 'सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज'चा परिसर उभारला. बेकरने मधला ठेकेदारच काढून टाकला. आराखडा त्याचा, गवंडीही त्याचे, आणि साइटवर तो स्वतः उभा. 'रॅट-ट्रॅप' पद्धतीत तो विटा काठावर उभ्या लावायचा. भिंतीत पोकळी राहते, विटा साधारण एक चतुर्थांश वाचतात आणि आत उष्णता कमी येते. गिलावा करायचा नाही, म्हणजे सिमेंट वाचलं. वाचलेला पैसा कारागिराच्या मजुरीत गेला. सामान स्वस्त आणि हात महाग, हे त्याचं गणित. छोट्या संस्थेला ते सोयीचं असतं, कारण पैसे संपले की काम थांबवता येतं आणि पुन्हा सुरू करताना यंत्रं बोलवावी लागत नाहीत.

बेकरांच्या हाताखाली तयार झालेला एक गोवेकर म्हणजे जेरार्ड द कुन्हा. गोव्यात तोर्डा गावातलं 'हाउसेस ऑफ गोवा' हे घरांचं संग्रहालय त्यांचंच. त्यांचं एक महत्त्वाचं काम मात्र आमच्या येलहंक्याच्या शेजारी आहे, हेसरघट्ट्याचं 'नृत्यग्राम'.

प्रोतिमा गौरी बेदी हे नाव मुंबईकरांना वेगळ्या कारणांनी ठाऊक होतं. १९७५ साली मुंबईत भुलाभाई देसाई सभागृहात ओडिसी नृत्य पाहिलं आणि त्यांनी आयुष्याची दिशा बदलली. कटकला केलुचरण महापात्रांकडे त्या शिकल्या. पुढे गुरुकुल काढायचं ठरलं. कर्नाटक सरकारने हेसरघट्ट्याला दहा एकर माळ भाडेपट्ट्याने दिला. जमीन मिळाली म्हणजे सगळं मिळालं असं नव्हतं. माळ उघडा, आणि हातात इमारतीचा पैसा नाही.

द कुन्हांनी जे बांधलं ते त्या परिस्थितीतून निघालेलं उत्तर आहे. भिंती मातीच्या आणि दगडाच्या, छपरं गवताची, मधोमध उघडा रंगमंच. गावात मिळतं ते सामान आणि गावात राहतात ते हात. एकच मोठी इमारत असती तर छप्पर पडेपर्यंत ती निरुपयोगी राहिली असती. छोट्या छोट्या वास्तू असल्या की एक पुरी झाली, तिच्यात राहायला जायचं, मग दुसरी. ११ मे १९९० रोजी पंतप्रधान व्ही. पी. सिंह यांच्या हस्ते नृत्यग्रामचं उद्घाटन झालं. १९९२ साली शेजारीच 'कुटीरम' हे विश्रामस्थान झालं, तेही द कुन्हांच्याच हातचं.

आता बिलं तपासणाऱ्या बाईच्या नजरेने एक गोष्ट सांगते. माती आणि गवत बांधताना स्वस्त पडतं, सांभाळताना नाही. गवताचं छप्पर काही वर्षांनी बदलावं लागतं. मातीच्या भिंतीला दर पावसाळ्यानंतर हात फिरवावा लागतो. म्हणजे आज वाचवलेला पैसा उद्या हप्त्याहप्त्याने द्यायचा असतो, आणि तो देण्यासाठी ते काम येणारा माणूस जवळ राहिला पाहिजे. इमारत बांधून ठेकेदार निघून गेला, असा हिशेब इथे चालत नाही. प्रोतिमांनी १९९७ साली संस्थेची सूत्रं लिन फर्नांडिस यांच्याकडे दिली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये कैलास-मानसरोवरच्या वाटेवर मालपा इथे दरड कोसळली, त्यात त्या गेल्या. संस्थापक गेल्यावरही सुरूपा सेन आणि त्यांच्या नृत्यांगना तिथेच नाचत राहिल्या. नृत्याची परंपरा टिकली हे आपण म्हणतो. गवत शाकारायची परंपराही टिकावी लागली, हे म्हणत नाही.

मातीच्या बाबतीत बेंगळूरने आणखी एक भर घातली. भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली अमूल्य रेड्डींनी 'अस्त्र' नावाचा गट सुरू केला, ग्रामीण भागाला उपयोगी पडेल असं विज्ञान करण्यासाठी. तिथे के. एस. जगदीश आणि सहकाऱ्यांनी दाबून केलेल्या मातीच्या ठोकळ्यांवर काम केलं. तांबड्या मातीत पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळायचं, हाताने चालणाऱ्या दाबयंत्रात ठोकळा पाडायचा, भट्टी लावायचीच नाही. पायासाठी खणलेली माती तिथेच भिंत होते. हे तंत्र प्रयोगशाळेतून साइटवर यायला वर्षं लागली, कारण ठोकळा पाडणारा मजूर आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारा ठेकेदार तयार व्हायला हवा होता. आज येलहंक्याच्या आसपास गिलावा नसलेल्या तांबूस भिंतींची घरं आणि शाळा दिसतात, त्यांच्यामागे हा सगळा प्रवास आहे.

दुसरी रीत पाहायला शहराच्या दुसऱ्या टोकाला, जे. पी. नगरला जावं लागतं. तिथे 'रंगशंकरा' आहे. शंकर नाग आपल्याला 'मालगुडी डेज'मुळे माहीत आहेत, पण त्यांची नाटकाची सुरुवात मुंबईत मराठी रंगभूमीवर झाली, आणि अरुंधती नाग त्यांना तिथेच भेटल्या. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ अपघातात शंकर गेले. बेंगळूरात नाटकवाल्यांना परवडेल असं थिएटर हवं, हे दोघांचं स्वप्न होतं. अरुंधतीबाईंनी 'संकेत ट्रस्ट'मार्फत ते पुढे नेलं. शारुख मिस्त्री यांनी आराखडा केला. २८ ऑक्टोबर २००४ रोजी थिएटर उघडलं. शंकरच्या जाण्यापासून मोजलं तर चौदा वर्षं.

इथे मातीचा उपाय चालला नसता. नाट्यगृह ही बांधकामातली अवघड वस्तू आहे, कारण तिथे शांतता बांधायची असते. वातानुकूलनाची हवा हळू सोडावी लागते, नाहीतर सूंऽ आवाज येतो. हवा हळू सोडायची तर नळ मोठे लागतात, नळ मोठे झाले की छताची उंची वाढते, उंची वाढली की खर्च. यंत्रं वेगळ्या चौथऱ्यावर स्प्रिंगांवर बसवावी लागतात, म्हणजे त्यांची थरथर भिंतीत उतरत नाही. दाराला दुहेरी दार लागतं. बोललेल्या नाटकाला आवाजाची घुमण साधारण एक सेकंदाची चालते, पाश्चात्त्य वाद्यवृंदाला दोनच्या आसपास लागते. मुंबईत एन.सी.पी.ए.च्या टाटा थिएटरसाठी फिलिप जॉन्सनसारखा वास्तुरचनाकार आणि सिरिल हॅरिससारखा ध्वनितज्ज्ञ अमेरिकेतून आणला गेला. १९८० साली ते उघडलं. त्यामागे टाटांचं बळ होतं. रंगशंकराला तेवढं बळ नव्हतं, पण कान तेवढेच तिखट हवे होते.

या जातीच्या छोट्या थिएटरचं आधीचं उदाहरण जुहूचं पृथ्वी. वेद सेगन यांनी केलेलं, दोनशेच्या आसपास खुर्च्यांचं, तिन्ही बाजूंनी प्रेक्षक बसतील असं. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी ते सुरू झालं, तेव्हा पहिलं नाटक होतं गो. पु. देशपांड्यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा', हिंदीतून. रंगशंकराही त्याच कुळातलं. खुर्च्या सव्वातीनशेच्या आत आणि नट प्रेक्षकांच्या हाताच्या अंतरावर. थिएटर लहान ठेवणं हा निर्णय कलेचा आहे, तसाच पैशाचाही. खुर्च्या कमी तर भाडं कमी, भाडं कमी तर तरुण नाटकवाले येतात.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू, कारण हा प्रश्न आपल्या दारातला आहे. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ रोजी खुद्द बालगंधर्वांनी बसवली. ते १९६७ साली गेले आणि २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, यशवंतराव चव्हाणांनी उद्घाटन केलं. पु. लं.चा त्यात किती जीव होता हे आपण आवडीने सांगतो. तिथे ग्राहक महापालिका होती. कोल्हापुरात ग्राहक स्वतः राजा होता. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर पुरं केलं, तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्याला आग लागली. कलावंत रस्त्यावर उभे राहून रडले, ते आपण सर्वांनी पडद्यावर पाहिलं.

त्या रात्री माझ्या मनात आलं ते सांगते. जळालेलं नाट्यगृह 'होतं तसं' उभं करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, होतं कसं? तुळया कोणत्या लाकडाच्या, सांधे कसे धरले होते, भिंतीत चुना किती, रंगमंचाच्या फळ्यांखाली काय होतं. याची उत्तरं उद्घाटनाच्या भाषणांत मिळत नाहीत. ती बांधणाऱ्याच्या वहीत असतात, सुताराच्या मापांत, मुकादमाच्या हजेरीपटात, प्रत्यक्ष बांधलं त्याच्या नकाशात. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधलेली इमारत यांत नेहमी फरक असतो, हे साइटवर काम केलेला प्रत्येक माणूस जाणतो.

म्हणून ठेकेदाराचं नाव लिहा, हे मी केवळ सौजन्य म्हणून म्हणत नाही. ते नाव म्हणजे त्या इमारतीच्या दुरुस्तीचा पत्ता आहे. तुमच्या गावात एखादी संस्था सभागृह बांधत असेल, तुम्ही तिच्या कमिटीवर असाल, तर तीन गोष्टी मागून घ्या. काम संपताना प्रत्यक्ष बांधकामाचे नकाशे घ्या. मेजरमेंट बुकाची प्रत संस्थेच्या कपाटात ठेवा, ठेकेदाराच्या गोदामात नको. आणि गवंडी, सुतार, वायरमन यांच्या मुकादमांची नावं त्याच फायलीत लिहा. देणग्या मागताना एक रकाना देखभालीचाही ठेवा. त्याला दाता सहज मिळणार नाही, पण रकानाच नसेल तर कुणी विचारणारही नाही.

जयराम पिंड्येने कवींची यादी केली म्हणून ते कवी आज आपल्याला भेटतात. छत घालणाऱ्यांची यादी करायला कवी लागत नाही, एक वही पुरते. तुमच्या गावातलं नाट्यगृह, वाचनालय, तालीम कुणी बांधली, घरातल्या जुन्या माणसांना विचारा. नावं मिळाली तर खाली लिहा. पुढच्या भागात आपण त्यांतली निवडक घेऊन बोलू.